सात शब्दांची उघाडी

खारसोंडे, ता. पेण
१८ जुलै

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

सात शब्दांची खरी किंमत आज काढली, ती आधी लिहितो. चिंबोऱ्यांनी भरलेली टोपली एक. कोयती एक. हिरव्या बांगड्या पाच. सहावी हातात राहिली. जनीवहिनीच्या पायाला थोडं लागलं. आणि सदूचं माझ्याशी बोलणं गेलं. मिठागरात आम्ही दोघं पोरं फळी ओढत होतो तेव्हापासून ते एक दिवसही बंद पडलं नव्हतं.

शब्द तुला पाठ आहेत. उघाडीचं दार तुझ्या त्या न दिसणाऱ्या गड्याच्या हाती द्यायचं ठरलं, ज्याला तू एजंट म्हणतेस. तू म्हणालीस, त्याच्याजवळच्या प्रत्येक अवजाराचं वर्णन लागतं, ते तुम्ही लिहा. मी लिहिलं, 'ओहोटीला आतलं पाणी चढलं की दार उघडावं.' तू विचारलंस, "मामा, एवढंच?" मी म्हणालो, "बाय, माझ्या एका शब्दावर चौदा गाड्या हलतात. हिरामणला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही."

सोमवारी, वद्य चतुर्थीला, इतकी वर्षं उघाडी राखणारा सदू डोळे दाखवायला अलिबागला गेला होता. सकाळी आठला खाडी आटत आलेली. रात्रभराच्या पावसानं आतल्या खाचरांचं पाणी खुणेच्या वर आलेलं. ओहोटी होती, पाणी चढलं होतं, दार उघडलं. त्याच वेळी दाराच्या खाली, बाहेरच्या चिखलात, सदूची जनी गुडघाभर रुतून चिंबोऱ्या काढत होती. पाण्यानं तिला खारफुटीपर्यंत नेलं. मी आरडाओरडा केला, माझ्या गाडीवरचा अल्पेश उडी मारून गेला आणि तिला झाडाच्या मुळ्यांतून सोडवून आणलं.

तू मागच्या सुट्टीत आमच्या ओटीवरून मैत्रिणीला फोनवर समजावत होतीस, ते मी आत जेवताना ऐकलं होतं. "बाहेरकाठा म्हणजे खाडी आणि शेत यांच्यामधला मातीचा बांध, उघाडी म्हणजे त्या बांधातलं दार. भरतीला बंद, ओहोटीला उघडं." तुझ्या सांगण्यात चूक नव्हती. मग तुझा गडी चुकला कसा?

गावाची सभा झाली. बेचाळीस घरांची लावणी आत आहे. रोप अजून कोवळं, आठवडाभर बुडून राहिलं तर कुजेल. सदूनं उघाडीवर पाय ठेवणार नाही असं सांगितलं. त्याच्या डोळ्यांत काचबिंदू, पुढच्या वर्षी ठेवू म्हटला तरी ठेवता यायचा नाही. सध्या माझे चार ड्रायव्हर हातानं चाक फिरवून दार अर्धंमुर्धं उचलतात. शेवटी ठरलं, नारळी पौर्णिमेला काय ते जनीवहिनी सांगेल. ती हो म्हणाली तर तुझा गडी राहील, नाही म्हणाली तर दाराची मोटर काढून भंगारात. मला उद्या तिच्या दारावरून जायचं आहे, आणि रस्ता दुसरा नाही.

सदूनं दवाखान्याच्या दारात मला एकच प्रश्न विचारला आणि पाठ फिरवली. तो प्रश्न लिहिण्यासारखा नव्हता.

फोनवर नको, लिहूनच पाठवा, असं तूच म्हणालीस. फोनवर बोलताना मी हात हलवतो आणि तो हात यंत्राला दिसत नाही म्हणे. तर हे हात खाली ठेवून लिहिलं आहे. अल्पेश चाकणची खेप घेऊन येतोय, त्याच्याकडे देतो. सोबत सुके बोंबील आहेत. तुझ्या शेजाऱ्यांची आधी माफी माग.

तुझा,
हिरामणमामा

●

पुणे
२२ जुलै

ती. मामा,
सा. न.

पत्र हातात घेतलं तेव्हा कागदाला खाडीचा वास होता. मी बराच वेळ वाचलंच नाही, नुसतं धरून बसले. समोर खिडकीत सिमेंटचे मनोरे आणि माझ्या डोळ्यांपुढे पाणी. खाचरांतलं ते उथळ पाणी, ज्यात ढग चालतात आणि बगळे ढगांवर पाय ठेवून उभे राहतात. जनीमामी त्यातूनच चालत येते आहे असं वाटत राहिलं. पायाला थोडंच लागलंय ना? नक्की लिहा.

एजंट चुकला कसा, हे विचारलंत. तो चुकला नाही, हे वाईट आहे. त्यानं तुमचं वाक्य वाचलं आणि तसंच केलं. मामा, असं समजा की तुमच्याकडे एक अतिशय हुशार माणूस कामाला आला आहे. भरती-ओहोटीची गणितं त्याला येतात, दहा भाषा येतात. पण तो खारसोंड्याला जन्मला नाही. त्यानं कधी चिखलात पाय घातलेला नाही, कारण त्याला पायच नाहीत. आणि तो रोज सकाळी सगळं विसरून येतो. तुम्ही भिंतीवर चिकटवलेला कागद हेच त्याचं गाव. कागदावर जे नाही ते त्याच्यासाठी जगातच नाही.

म्हणून वर्णनात अवजार काय करतं एवढं लिहून भागत नाही. ते केल्यावर पलीकडे काय होतं, केव्हा वापरायचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे केव्हा वापरायचं नाही, हे लिहावं लागतं. आणि कारणासकट. कारण कळलं तर कागदावर नसलेल्या प्रसंगीही तो थांबतो.

मला वाटतं गोंधळ ओहोटीच्या वेळेचा झाला. चतुर्थीला पूर्ण ओहोटी नऊला. दार आठ वाजून चार मिनिटांनी उघडलं, म्हणजे घाई झाली. मी पेणच्या खाडीचे वर्षभराचे तक्ते भरले आहेत. आता तो पूर्ण ओहोटीनंतरच उघडेल.

तुम्ही एक काम करा. सदूमामांना "काय करायचं ते सांगा" असं विचारू नका. जे माणूस एकतीस वर्षं करतो ते त्याला सांगता येत नाही. त्यांच्याबरोबर नुसते जा, आणि ते काय काय करतात ते लिहा. तुमचे कान चांगले आहेत. आणि तो प्रश्न कोणता होता?

रुचिता

ता.क. बोंबील पोचले. शेजारी आता ओळख देत नाहीत.

●

खारसोंडे
२६ जुलै

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

सदूबरोबर जा म्हणतेस. कुठं जाऊ? तो घरातून उठत नाही. सकाळी त्याच्या अंगणात गेलो, मी आलो हे पावलावरून ओळखून त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मी पायरीवर बसलो. एक तास बसलो. त्यानं विडी ओढली, मी त्याच्या विडीचा वास ओढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी मी मोठा कागद लिहून नेला. तुझं पत्र वाचून मला जोर आला होता. दोन पानं लिहिली. बाहेरकाठा कुणी बांधला, बांध फुटून खांड पडली तेव्हा कोण कोण धावलं, जुनं लाकडी दार काढून सिमेंटचं कुणी केलं, मोटर कुठून आणली, सगळं. आतल्या खाटेवर जनीवहिनी होती. मी सदूला ऐकू जाईल अशा आवाजात तिला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, रंगलीय.

"भावजी," ती म्हणाली, "ह्या कागदान तुमचा नाव चार वेला हाय न् पान्याचा दोन वेला. दार कोन उघरतं, तुमी का पानी?"

भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाच्या खांद्यांना एक हिसका बसला. हसला की काय, कळलं नाही. मी कागद घडी करून खिशात घातला. तो तुला पाठवत नाही.

परवापासून ओहोटीच्या वेळी मी एकटाच बाहेरकाठ्यावर जाऊन बसतो. रुचिता, इतकी वर्षं गाड्यांच्या आवाजात गेली, मला वाटत होतं मला सगळं ऐकू येतं. बांधावर डोळे मिटून बसलं की काय काय येतं कानावर! चिखल बोलतो. पाणी उतरलं की लाखो बारीक भोकं उघडतात आणि सगळा किनारा हलकं चुरचुरत राहतो, जणू कुणी फार दूर मीठ चाळतंय. चिखलातले निवट्या मासे उड्या मारतात, त्यांचा टप्‌ टप्‌. दाराच्या फटीतून झिरपणारं पाणी एक सूर धरतं, तो पाणी चढलं की जाड होतो. आणि खाली चिखलात बायका असल्या की त्यांचं बोलणं वर येतं, पण शब्द येत नाहीत, नुसती चाल येते. काल मला तिथंच झोप लागली. स्वप्नात मी लहान होतो आणि मिठाच्या ढिगाऱ्यावर बोटानं काहीतरी लिहीत होतो, आणि लिहिलेलं प्रत्येक अक्षर पाणी होऊन खाली जात होतं. जागा झालो तर खाडी भरत आली होती आणि मी उगाच घाबरलो.

तुझे तक्ते चांगले आहेत. पण तक्त्यानं ते चुकलं नव्हतं असं मला वाटतं. जास्त विचारू नको.

वहिनीचा पाय बरा होतोय.

मामा

●

पुणे
३० जुलै

ती. मामा,

सदूमामांच्या मुलीचा, पूर्वीचा, फोन आला होता. जनीमामीच्या पायात सळई घातली आहे. दोन जागी मोडलाय. "हिरामणकाकानी तुला सांगितलं नाही?" म्हणाली. मी "सांगितलं" म्हणाले. आईच्या पायाचं सांगताना तिचा आवाज असा सपाट होता की मी ऑफिसातून उठून जिन्यात जाऊन बसले.

मी तुम्हाला रागावून लिहिणार होते. पण आधी मी काय लपवलं ते लिहिते, मग रागावायचा हक्क उरतो का बघू.

एजंट प्रत्येक पावलाची नोंद ठेवतो. त्या सकाळची नोंद मी पहिल्याच दिवशी काढली होती आणि तुम्हाला पाठवली नव्हती. ही पाहा:

'८.०२. आतलं पाणी खुणेच्या चार बोटं वर. ८.०३. ओहोटी चालू आहे. ८.०३. दार उघडण्याच्या वर्णनात दोन अटी आहेत, दोन्ही पूर्ण. तिसरी अट नाही. ८.०४. दार उघडलं.'

'तिसरी अट नाही.' मामा, तिसरी अट होती. मी सुरुवातीला तुमच्या वाक्याखाली माझं एक वाक्य जोडलं होतं, 'उघडण्याआधी जागेवरच्या माणसाला विचारावं आणि उत्तराची वाट पाहावी.' पहिल्या आठवड्यात तुमचा फोन आला, की तो दिवसातून पाच वेळा विचारतो, मी गाड्या बघू की त्याला हो हो करत बसू. मी ते वाक्य काढलं. तुम्हाला सांगितलं नाही. एवढ्या छोट्या कामाला एवढी परवानगी कशाला, असं मलाही वाटलं होतं. मग तक्ते भरत बसले, कारण तक्ते भरताना त्या वाक्याचा विचार येत नाही.

रात्री मला तुमची खाडी दिसते. पाणी उतरत असतं आणि मी पाण्याला विचारते, थांबशील का, आणि ते म्हणतं, तू कुठं तसं लिहिलंयस.

आता तुम्ही सांगा. सदूमामांनी काय विचारलं?

रुचिता

●

खारसोंडे
३ ऑगस्ट

चि. रुचितास,

तुझं पत्र मी बांधावर बसून वाचलं. दोनदा वाचलं. मग ते तसंच हातात घेऊन सदूच्या घरी गेलो आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, तुझं वाक्य काढल्याचंही. तो भिंतीकडे तोंड करून होता. मी म्हणालो, "पोरीनं सांगितलं. आता मी सांगतो." आणि सांगितलं. तेच तुला लिहितो.

सदूचा प्रश्न होता, "चपला कुठं व्हत्या?"

आमच्या बायका चिखलात उतरण्याआधी चपला बांधावर ठेवतात. अगदी दाराच्या डोक्यावर, ओळीनं. चिखलात चपला नेऊन काय करणार? हे कुणी ठरवलेलं नाही, माझी आईही तिथंच ठेवायची. आणि सदू दार उघडण्याआधी बांधावरून एक फेरी मारायचा. मला वाटायचं, कंबर मोकळी करतो. तो चपला मोजत होता, रुचिता. एकतीस वर्षं. एक जोड उरला तरी दार उघडायचं नाही. नजर गेली तसा पायानं चाचपून मोजायला लागला.

आणि मी जूनमध्ये, मोटरच्या उद्घाटनाला पाहुणे यायचे, फोटो निघायचे म्हणून, त्या चपला तिथून हलवल्या. रस्त्याच्या टोकाला, माझ्या गाड्यांच्या शेडपाशी, लोखंडी मांडणी केली, निळा रंग दिला. पाटी लावली, 'चपला येथे ठेवाव्यात.' बायका हसल्या, पण ठेवायला लागल्या. मीच तिथं उभा असायचो ना.

पुढचं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी मी मागाहून धावत आलो नव्हतो. मी उघाडीवर उभा होतो. मोटरचा आवाज सुरू झाला तेव्हा माझ्या हाताशी लाल बटण होतं, बंद करायचं. मी बांधावर नजर टाकली. स्वच्छ. एक चप्पल नाही. मला बरं वाटलं, की किती नीटनेटकं दिसतंय. माझ्या डोळ्यांनाही लहानपणापासून ती सवय असणार. चपला नाहीत म्हणजे खाली कुणी नाही. मी बटण दाबलं नाही. तुझ्या गड्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, फक्त मला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

माझं बोलून झालं. कोंबडी आली आणि गेली. मग जनीवहिनी खाटेवरून म्हणाली, "आता कागद काडा. मी सांगतंय, तुमी लिवा. तुमचा नाव नको."

तीन दिवस आम्ही लिहितोय. सदू अजून माझ्याकडे बघत नाही, पण भिंतीकडे बघून बोलतो. मी विचारलं, यंत्राला चपला दिसायला कॅमेरा लावला आणि त्याला काही दिसलं नाही, तर उघडायचं ना? तो इतक्या जोरात वळला की विडी पडली.

"माना दिसत न्हाय म्हून बांधावर कोन न्हाय, असा मी कदी बोललू? दिसत न्हाय तं पायान चाचपतंय. पायाला बी कलला न्हाय तं हाक मारतंय. हाकेला बी कोन बोलला न्हाय तं बसून राहतंय. पानी काय पलून जातंय?"

ते वाक्य मी लिहून घेतलं आणि वर्णनाच्या मधोमध ठेवलं, फक्त शहरी कपडे घालून. हे बघ:

'दार उघडणे. हे अवजार उघाडीचं दार उचलून आतलं पाणी खाडीत सोडतं. पाणी एकदम आणि जोरात जातं. खालच्या चिखलात उभ्या माणसाला पळता येत नाही, कारण पाय रुतलेले असतात. एकदा उचललेलं दार बंद व्हायला दीड मिनिट लागतं, तेवढ्यात माणूस वाहून जातं. म्हणून आधी चपला मोजण्याचं अवजार वापरावं. खाली उतरणारी प्रत्येक बाई दाराच्या डोक्यावर चपला ठेवून जाते. तिथं काहीही ठेवलेलं असेल तर दार उघडू नये, आतलं पाणी कितीही चढलं तरी. रोप दोन दिवस बुडलं तर सावरतं. मोजणी पाच मिनिटांहून जुनी असेल तर पुन्हा मोजावं. "दिसत नाही" आणि "चपला नाहीत" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. धुकं, पाऊस किंवा कॅमेऱ्यावर चिखल असेल आणि दिसत नसेल, तर उघडू नये; सदूला फोन करावा. सदू नसेल तर थांबावं. कुणी कितीही मोठ्या माणसानं घाई केली तरी मोजणी बदलत नाही.'

शेवटचं वाक्य वहिनीचं. ती म्हणाली, कुणाविषयी आहे ते लिहायची गरज नाही.

निळी मांडणी मी काल उपटली. बायकांना सांगायला गेलो, चपला पुन्हा वर ठेवा, तर म्हणाल्या, तुमी सांगताव म्हून न्हाय, जनी सांगंल तवा.

मामा

●

पुणे
६ ऑगस्ट

ती. मामा,

इतकं चांगलं वर्णन आमच्या ऑफिसात कुणी लिहिलेलं नाही. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. वाचता वाचता त्या थंडगार खोलीत एकानं नकळत टेबलाखाली चपला काढून ठेवल्या.

कॅमेरा अल्पेशकडे देते आहे, तो दाराच्या डोक्यावर रोखून लावा. खोट्या चाळीस सकाळी तयार करून एजंटला त्यांतून चालवलं. धुक्याची सकाळ, वादळाची, बांधावर म्हशी बसल्याची. एकोणचाळीस वेळा बरोबर वागला. एका सकाळी मी एकच चप्पल ठेवली होती. तो म्हणाला, जोड पूर्ण नाही, म्हणजे टाकून दिलेली असावी. आणि त्यानं दार उघडलं. जनीमामीला विचारा. आणि कुणी अनवाणी आली तर?

खाडीचं स्वप्न परवा पुन्हा पडलं. या वेळी पाणी काही बोललं नाही, थांबून होतं.

रुचिता

●

खारसोंडे
९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

चि. रुचितास,
अनेक आशीर्वाद.

तुझे प्रश्न वाचून दाखवले. एका चपलेचं ऐकून वहिनी म्हणाली, "एक चप्पल म्हंजे एक बाई. दुसरी कुत्र्यान् नेली." अनवाणी येणारीनं आपली ओढणी नाहीतर टोपलीचं फडकं दगडाखाली ठेवायचं, असं तिनं बायकांकडून कबूल करून घेतलं. दोन्ही वाक्यं परवा फोनवरून तुझ्या गड्याच्या कागदात घातलीस ती ठीक बसली.

आज पहाटे धुकं होतं. पाच वाजता खाडी अशी निजलेली की बांध कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं ते कळेना. बायका धुक्यातून आल्या आणि धुक्यात उतरल्या, वर फक्त चपला राहिल्या. नऊ जोड आणि एक फडकं. तुझ्या गड्याचा निरोप फोनवर आला, 'दिसत नाही. थांबलो आहे.' सव्वासहाला धुकं विरलं, तर निरोप, 'नऊ जोड, एक फडकं. थांबलो आहे.' वहिनीला पिकअपमध्ये खुर्चीसकट ठेवून बांधावर आणली होती. पाय पुढे लांब केलेला, कुबडी मांडीवर. ती प्रत्येक निरोप मला मोठ्यानं वाचायला लावत होती. सदू तिच्यामागे उभा. माझ्यापासून चार हातांवर, पण त्याचं तोंड माझ्याकडे होतं. हे मी तुला मुद्दाम लिहितो.

खाली बायकांच्या बोलण्याची ती चाल ऐकू येत होती. आकाश मिठासारखं पांढरं होत गेलं. मला वाटलं, ही सकाळ कुणी उचलून बाजूला ठेवली तर मी तिच्यात राहायला जाईन.

सातच्या आत सगळ्या वर आल्या. टोपल्या भरलेल्या. एकेकीनं चपला घातल्या, एकीनं फडकं घेतलं. मी दाराच्या पायऱ्या उतरून खाडीला नारळ वाहिला आणि वर आलो. आता दार उघडणार. सगळं गाव उभं. आतलं पाणी खुणेच्या सहा बोटं वर, बाहेर खाडी अजून खाली.

दार उघडेना.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाडी पुन्हा भरायला लागली होती, तासाभरात पाणी जायचं थांबलं असतं. फोनवर तुझ्या गड्याला लिहिलं, 'उघड.' उत्तर, 'एक जोड आहे. थांबलो आहे.' मी लिहिलं, 'मी हिरामण. सगळ्या बायका वर आल्या. उघड.' उत्तर, 'एक जोड आहे. कुणाचा ते कळेपर्यंत थांबलो आहे.' मी तिसऱ्यांदा लिहिलं. काय लिहिलं ते तुझ्याकडच्या नोंदीत असेल, वाचू नको.

सदू पुढे आला. पाय घासत दाराच्या डोक्यावरून चालत गेला, नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या तिथं थांबला, अंगठ्यानं चाचपलं.

"नऊ नंबरचा जोड हाय," तो म्हणाला. "ही बाई कोन रं, हिरामन?"

सगळा बांध हसला. जनीवहिनी इतकी हसली की कुबडी खाली पडली आणि तिनं पाय धरला, दुखला म्हणून, आणि तरी हसत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मोटर. माज्या भावजीचा बी न आयकनारा कोन तरी गावान पायजेच."

नारळ वाहायला मी चपला काढल्या होत्या.

मी तीनदा सांगितलं, आणि दार हललं नाही. चपला पायात घालून बाजूला झाल्यावर ते उघडलं, सात वाजून बावीस मिनिटांनी.

तुझा,
हिरामणमामा